तीन तिगाडा

मोटरसायकलचे मागचे चाक काढून त्या जागी आडवा एक्सल टाकणे आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाके बसवणे, याला घरगुती तीनचाकी रूपांतर म्हणतात. व्याख्या एका वाक्यात संपते. काम या पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरते. यात कर्ता म्हणजे गाडीचा मालक आणि कर्म म्हणजे गाडी. क्रियापद रविवारी दुपारी, इमारत वामकुक्षी घेत असताना चालू होते.

चाके मोजण्याचा घोळ मूळपुरुषांपासूनचा आहे. १८८५ साली डाइमलरने लाकडी सांगाड्यावर पेट्रोल इंजिन बसवले. ती जगातली पहिली पेट्रोल मोटरसायकल मानतात. तिला पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना छोटी चाके होती, म्हणजे एकूण चार. १८८६ साली बेन्झने पेटंट घेतलेल्या पहिल्या मोटरगाडीला मात्र तीनच होती. इटलीत पियाज्योने १९४६ साली वेस्पा स्कूटर काढली आणि १९४८ मध्ये तिच्याच मागे एक्सल व हौदा जोडून ‘आपे’ विकायला आणली. ‘आपे’ म्हणजे मधमाशी; आप्प्यांशी संबंध नाही. १९५९ साली बजाजला दुचाकी आणि तीनचाकी बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला आणि पियाज्योचीच घडण पुण्यामार्गे आपल्या दारात आली. म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंडमध्ये ज्या रिक्षेला रोज हात केला जातो, ती मुळात तीनचाकी झालेली स्कूटरच. माहीम आणि सायनच्या पलीकडे रिक्षेला बंदी असल्याने मुंबईत तीन चाकांचे वैभव फक्त उपनगरांच्या वाट्याला आले. त्यात आपली एक भर घालावी असे काहींना वाटते, ते या पार्श्वभूमीवर.

कार्यशाळा. परदेशी पुस्तकांत या कामासाठी गॅरेज गृहीत धरलेले असते. उपनगरात ती जागा सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, पाण्याचा पंप आणि कोणाची तरी जुनी मारुती यांच्यामध्ये मिळते. लागणारे सामान: पान्ह्यांचा संच, ग्राइंडर, गुण्या, दोरी आणि वॉचमन. दोरीला जड नट बांधला की ओळंबा होतो. वॉचमनला चहा पाजला की तो गाडीचे दुसरे टोक धरतो. वेल्डिंग मशीन घरच्या प्लगला लावल्यास मीटरबॉक्समधला फ्यूज उडतो आणि लिफ्टमध्ये कोण आहे ते सगळ्या इमारतीला कळते. म्हणून टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते टाके, मारण्यापुरते काम घरी करावे आणि पक्क्या वेल्डिंगला साकीनाक्याच्या गाळ्यात जावे. तिथला कारागीर घरचे टॅक बघून काही बोलत नाही. तो आधी ते घासून काढतो.

कापाकापी. इंजिनाच्या मागे चाकाच्या दोन बाजूंनी जाणारा, ते चाक धरणारा भाग म्हणजे स्विंगआर्म. तो काढून त्याजागी चौकोनी पाइपाचा रुंद सांगाडा बसतो. ही पायरी परतीची नाही. ग्राइंडर फिरला की ठिणग्या तळमजल्यावरच्या कुरडयांच्या वाळवणापर्यंत जातात आणि कामाला पहिला सार्वजनिक विरोध इथे होतो. पुढचा आणि मागचा स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का, हे दोरी ताणून बघावे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, चेनला दिसतो. मग ती उतरते, आणि नेमकी पुलाच्या चढावर.

एक्सल. सरळ सळई टाकून तिला दोन्ही चाके जाम करणे स्वस्त पडते, पण वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. चाकांमध्ये एक मीटर अंतर असेल, तर काटकोनातल्या एका वळणात हा फरक १.५७ मीटर भरतो, गाडी लहान वळो की मोठी. सळईवरच्या चाकांना हा हिशेब मिटवता येत नाही; एक टायर फरपटतो आणि गाडी वळण्याऐवजी नाकासमोर जाऊ बघते. एकाच चाकाला ताकद देऊन दुसरे मोकळे सोडले, तर गाडी एका अंगाला ओढते. खरा उपाय दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरेन्शियल. तो कुर्ल्याच्या भंगारात मिळतो आणि बहुतेक जुन्या मालवाहू तीनचाकीतून निघालेला असतो. रिव्हर्स गिअरचेही तेच. गाडी बुलेट असेल, तर ती मुळातच सुमारे १९० किलोची. त्यात सांगाडा आणि दोन चाके वाढल्यावर ती पायाने मागे ढकलणे वॉचमनच्या चहात बसत नाही. अशा रीतीने एकेक भाग आणता आणता मोटरसायकल रिक्षेच्या दिशेने सरकत राहते.

तोल. तिपाई डुगडुगत नाही, चौरंग डुगडुगतो, हा घरातला अनुभव तीनचाकीलाही लागू आहे, ती उभी असेपर्यंत. दुचाकी वळताना आत कलते आणि तोल साधते. तीनचाकीला कलता येत नाही, म्हणून वळणावर ती बाहेर उलटू बघते. तीन चाके जमिनीला टेकतात त्या बिंदूंचा त्रिकोण कल्पावा. तो मागे रुंद, पुढे निमुळता. वळताना ब्रेक मारला की भार निमुळत्या टोकाकडे जातो आणि तिपाईची खात्री संपते. मागची चाके जितकी लांब-लांब आणि वजन जितके खाली व मागे, तितके बरे.

हँडलचा धडा आणखी अवघड. वेगातल्या मोटरसायकलला डावीकडे न्यायचे तर डावी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते, म्हणजे हँडल क्षणभर उजवीकडे जाते आणि गाडी डावीकडे कलते. चालवणाऱ्याला हे माहीत नसते, हातांना माहीत असते. तीनचाकी मात्र हँडल जाईल तिकडेच जाते. त्यामुळे वीस वर्षांचा सराव असलेला माणूस पहिल्या वळणावर डावीकडे झुकतो आणि उजवीकडच्या कुंड्यांत शिरतो. ज्याने कधी मोटरसायकल चालवली नाही, तो पहिल्या दिवशी बरी चालवतो.

पार्किंग. सोसायटीच्या बिलात दुचाकीचा एक दर असतो आणि चारचाकीचा एक. तीनचाकीचा रकाना नसतो. विषय सर्वसाधारण सभेत जातो. तिथे कोणीतरी दोन आणि चारची सरासरी तीन येते हे दाखवून देतो आणि दराचीही सरासरी काढली जाते. गळतीच्या विषयाला त्या वर्षी वेळ उरत नाही.

कायदा. तो शेवटी वाचण्याची प्रथा असल्याने इथेही शेवटी दिला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. दंड प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. स्विंगआर्म, एक्सल, चाके, ब्रेक असे बदल बोटांवर मोजू लागले, की आजवर महाग वाटलेला साकीनाक्याचा कारागीर स्वस्त वाटू लागतो.

याच कलमात एक वाट मोकळी आहे: दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीने गाडी बदलता येते. गिअर नसलेल्या स्कूटरला दोन्ही बाजूंनी जादा चाके जोडलेली दिसतात, ती ही. तिथे मागचे मूळ चाक जागेवर राहते आणि ताकद तेच देते. बाजूची चाके मोकळी फिरतात. त्यामुळे कापाकापी नाही, डिफरेन्शियल नाही, चेनची रेषा नाही. कार्यशाळेत वर्षभर छळलेले निम्मे प्रश्न तिथे उद्भवतच नाहीत. ती गाडी रोज कोणाला तरी कामावर नेते.

बाकीच्या रूपांतरांची चाचणी फाटकाच्या आत होते. तेवढ्यातही फाटकाबाहेरून कोणीतरी हात करून “अंधेरी स्टेशन?” असे विचारतेच. त्यानंतर गाडी ताडपत्रीखाली जाते आणि मालक नोंदणीची चौकशी करायला आरटीओत: अंधेरीकर एमएच-०२ च्या, बोरिवलीकर एमएच-४७ च्या, घाटकोपर-मुलुंडवाले वडाळ्याला एमएच-०३ च्या. अंधेरीकर तिथवर तीन चाकांवरूनच जातो. फक्त मागच्या सीटवर बसून, मीटरने.