सुरतेहून थेट: होतकरू विलायती टीव्ही-वार्ताहरास सूचना

सुरतेला जायचं तर आधी आपत्तीची वाट पाहावी. शहर धड चालू असताना निघालात तर तुमचं ऑफिस विमानाचं भाडं मंजूर करणार नाही. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू इथेच पडतात, देशभरच्या दुकानांत इथल्याच साड्या लटकतात. पण हे रोजचंच. सप्टेंबर १९९४ मात्र आदर्श. तापीचा पूर ओसरलेला, प्लेगची बातमी फुटलेली, लाखो माणसं मिळेल त्या गाडीने शहराबाहेर आणि कॅमेरे आत.

पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे पाहून बोलायचा तुकडा, देताना मास्क हनुवटीवर घ्यावा. चेहराच दिसला नाही तर तुम्ही प्लेगात उभे होता याला पुरावा काय? पाठीमागे रेल्वे स्टेशन किंवा कचऱ्याचा ढीग; ढिगावर डुक्कर आलं तर नशीब. ‘मध्ययुगीन’ हा शब्द पहिल्या दहा सेकंदांत यावा. वेळेवर टेट्रासायक्लीन घेतलं की रोग बरा होतो, हे वाक्य एडिटिंगला उडणारच आहे, तेव्हा ते बोलून घसा कोरडा करू नये. लोचो हा सुरती पदार्थ खायला हरकत नाही, फक्त कॅमेरा बंद असताना.

मग बाइट. लिंबायत-उधन्यात धुळ्या-जळगावकडचा यंत्रमाग कामगार सापडेल. तो अहिराणीत बोलेल, दिल्लीहून आणलेला दुभाषा हिंदीत ऐकेल. कारखाना बंद, पगार अडकलेला, भुसावळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही, पोरं गावी पोचली की नाही कळेना, असं तो बराच वेळ सांगेल. दुभाषा म्हणेल, “त्याला भीती वाटते.” पुरे.

प्रत्यक्ष पाहिलंच पाहिजे असा हट्ट नको. या बाबतीत तुमची परंपरा जुनी आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा इंग्रजांच्या वखारीतले धर्मोपदेशक एस्कॅलियट यांनी महाराज कसे दिसतात ते नॉर्विचच्या सर टॉमस ब्राउन यांना सविस्तर कळवलं. स्वतः न पाहता, ज्यांनी पाहिलं त्यांना विचारून. मजकूर मात्र झकास उतरला.

वाईट उदाहरण हवं तर हेन्री नेव्हिन्सन. हा ‘मँचेस्टर गार्डियन’चा माणूस आधी देशभर हिंडला, माणसांना भेटला, आणि २७ डिसेंबर १९०७ ला सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनाच्या मंडपात हजर राहिला. टिळक व्यासपीठावर बोलायला उभे, मंडपात गदारोळ, तेवढ्यात जोडा आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. नेव्हिन्सनने जोडा मराठी घाटाचा असल्याचं टिपलं. तांबूस कातडं, टोकदार चोच, तळाला ठोकलेलं शिसंसुद्धा. इतकं बघत बसलं तर लाइव्ह कधी द्यायचं? तुमचा कॅमेरामन तोवर व्हाइट बॅलन्स करत असेल, आणि तेच योग्य.

काम संपताच निघावं. मागे वळून पाहिल्यास अडचण होते. १९९५ मध्ये एस. आर. राव पालिका आयुक्त म्हणून आले, अतिक्रमणं पाडली, हॉटेलवाल्यांना दंड ठोकले, अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवलं. वर्ष-दीड वर्षात सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत चंदीगडच्या खालोखाल गणली गेली. ‘याचीही बातमी करा’ असा ऑफिसातून फोन आलाच तर “आवाज कटतोय” म्हणावं.

पुढची फेरी ऑगस्ट २००६: उकाई धरणातून पाणी सोडलंय, तापी शहरात शिरलीय. गमबूट न्यावेत. उशीर झाला आणि पाणी घोट्यापर्यंतच उरलं असेल तर गुडघे टेकून बोलावं, आणि कॅमेरामनला बजावावं की फ्रेम छातीच्या खाली आणू नको.