बोरिवलीची निसर्गफेरी

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांवर पसरलेले आहे. त्याच्या पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला मुलुंड, उत्तरेला वसईची खाडी आणि उरलेल्या सर्व दिशांना बिल्डर आहेत. तरीही हे जंगल टिकले, याचे एक कारण मुंबईची तहान. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव बांधले गेले आणि त्यांच्या पाणलोटातली झाडी राखणे भाग पडले. जंगल समुद्राजवळचे असले तरी सदाहरित नाही, ओलसर पानझडी आहे. पावसाळ्यात ते चित्रातल्यासारखे हिरवे दिसते. मे महिन्यात आलेल्या पाहुण्याला सागाच्या काड्या दिसतात. प्रवेशशुल्क तेवढेच असते.

मार्गदर्शकासह होणाऱ्या फेऱ्यांसाठी ओढ्याकाठचा शिलोंडा आणि खाडीकडचा नागला हे मार्ग प्रसिद्ध आहेत. या मार्गांवर जायला आधी परवानगी लागते. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे केंद्र गोरेगावला, चित्रनगरीच्या शेजारी आहे. तिथेही फेऱ्या होतात. शेजारच्या जंगलात मालिकांतल्या नायिका हरवतात. केंद्राच्या जंगलात कोणी हरवू नये, याची जबाबदारी मार्गदर्शकावर असते.

फेरी सकाळी लवकर निघते, कारण पक्षी उशिरा उठणाऱ्यांसाठी थांबत नाहीत. घाटकोपरकर मेट्रोने अंधेरीला आणि तिथून लोकलने बोरिवलीला येतो. रविवार असेल तर परतताना त्याची गाठ मेगाब्लॉकशी पडते.

फेरीतल्या मंडळींचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात. पहिला वर्ग हातभर लेन्सवाल्यांचा. हे पक्षी बघत नाहीत, नंतर घरी जाऊन स्क्रीनवर बघतात. दुसरा वहीवाल्यांचा. यांना पक्षी दिसण्यापेक्षा त्याच्या नावावर खूण करण्याची घाई असते. तिसरा मुलांचा. कामाचे प्रश्न बहुतेक हाच वर्ग विचारतो. चौथा वर्ग घरच्यांनी ओढून आणलेल्यांचा असून त्याचे लक्ष ठेपल्यांच्या डब्यावर असते. त्या डब्यावर माकडांचेही लक्ष असते, आणि त्यांचा अनुभव दांडगा असतो.

सूचना सुरुवातीलाच दिल्या जातात. मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, अत्तर लावू नये, बोलू नये. प्रत्यक्षात एक पिवळाधमक रेनकोट प्रत्येक फेरीत असतोच, आणि त्याच्या आतून फोनवर भाजीचे हिशेब चाललेले असतात. मार्गदर्शक तीनदा म्हणतो, ‘काकू, जरा हळू.’ चौथ्यांदा तो फक्त हात जोडतो.

चालण्याचा वेग हा नवशिक्यांना सर्वांत जड जाणारा भाग. धावती लोकल पकडणारा माणूस इथे एका पानापाशी दहा मिनिटे उभा केला जातो. पावसाळ्यात वाटेवर जायंट वुड स्पायडरचे जाळे आडवे येते. त्यातली मादी तळहाताएवढी आणि नर नखाएवढा, ही माहिती मिळताच अनेक जोडपी एकमेकांकडे बघतात. पुढे खडकावर उदमांजराची विष्ठा आढळते. स्टेशनबाहेर नाकाला रुमाल लावणारी माणसे तिच्याभोवती ओणवी होतात, तिच्यातल्या बिया ओळखतात आणि फोटो काढतात.

पक्षी दाखवण्याची पद्धत ठरलेली आहे. ‘त्या वाळक्या फांदीच्या डावीकडे, दुसऱ्या पानामागे’ एवढे म्हणेपर्यंत स्वर्गीय नर्तक उडून गेलेला असतो. तरी ‘दिसला, दिसला’ असे सगळेच म्हणतात. शीळ कस्तुराची शीळ थेट माणसासारखी असल्यामुळे ती ऐकू आली की काही महिला रागाने मागे वळून बघतात. कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते. ती २०१६ साली फुलली, नंतर २०२४ साली. इमारतीच्या पुनर्विकासाला मिळणाऱ्या तारखांपेक्षा ही तारीख भरवशाची आहे.

बिबट्या हा फेरीचा मुख्य विषय असून तो फेरीला येत नाही. २०१८ च्या पाहणीत उद्यान आणि लगतच्या भागात ४७ बिबटे कॅमेरा ट्रॅपमध्ये नोंदले गेले. अंगावरच्या ठिपक्यांवरून प्रत्येकाची ओळख पटते. त्यांच्या आहारात वस्तीकडच्या भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा आहे. उद्यानातल्या पाड्यांवरचे वारली पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला मानतात आणि त्याच्या वाटेत येत नाहीत. फेरीकरी मात्र पैसे भरून त्याच्या वाटेवर जातात आणि चिखलातल्या ठशावर समाधान मानतात.

फेरी दुपारच्या आत संपते. दरवाजाबाहेरच्या वडापावपाशी पाहिलेल्या पक्ष्यांची यादी जुळवली जाते आणि तीत दर वड्यामागे एका पक्ष्याची भर पडते. उद्यान सोमवारी बंद असते. बिबट्यांना मात्र साप्ताहिक सुट्टी नाही. पहाटे उठून बोरिवलीला गेलेल्या मुलुंडकराला बिबट्या पुढे कधीतरी स्वतःच्याच सोसायटीच्या सीसीटीव्हीत दिसतो. त्यासाठी पूर्वपरवानगी लागत नाही.