सहकुटुंब सहतांदूळ

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली-लाखनीकडच्या कुटुंबाने लहान मुलांना गाडीत घालून कोकणातला समुद्र दाखवायला नेणे, हा महाराष्ट्राच्या हद्दीत शक्य असलेल्या सर्वांत लांब घरगुती प्रवासांपैकी एक होय. साकोली ते ठाणे हे अंतर साडेआठशे किलोमीटरच्या घरात जाते. अलिबागची वाळू पायाला लागायला आणखी शंभरेक. एवढ्या अंतरात राज्य संपते. मुलांचा धीर मौद्याच्या अलीकडेच संपतो. ही तूट नियोजनाने भरून निघते, अशी नियोजन करणाऱ्याची समजूत असते.

नियोजन करणारा बहुधा बाप असतो आणि तो तक्त्यावरून ओळखू येतो. प्रस्तुत लेखक याच जातीत मोडत असल्याने तक्त्याविषयी अधिकाराने लिहिता येते. निघण्याची वेळ पहाटे चार, प्रत्येक थांब्याला बारा मिनिटे आणि ‘लघवी (ऐच्छिक)’ असा एक रकाना, ही त्याची ठळक अंगे. तक्ता रंगीत छापून फ्रिजवर लावतात. घरातले कोणी तो वाचत नाही. तो पाहुण्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेला असतो. पाणी प्यायला उठलेला पाहुणा त्यापुढे थबकलाच नाही, तर ‘अजून थंड पाणी आहे बरं का आत’ असे म्हणून त्याला पुन्हा फ्रिजपाशी नेले जाते.

मुहूर्ताचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा पंचेचाळीसकडे झुकतो, तेव्हा गाडीच्या सीटला हात लावणेही धाडसाचे असते. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, म्हणून जूनचा विचार होतो. पण तोवर कोकणात पाऊस उतरलेला असतो आणि समुद्र पाहण्याजोगा असला तरी शिरण्याजोगा नसतो. उरते दिवाळी. दिवाळीत धानाची कापणी असते, आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडईची जत्रा सुरू होते. मंडईतला दंडारीचा खेळ आणि रात्रभराचे नाटक सोडून समुद्र पाहायला येण्यास आजोबा तयार नसतात. समुद्र पुढल्या वर्षीही तिथेच राहील, हा त्यांचा मुद्दा खोडून काढता येत नाही.

मार्गाबाबत मात्र आता मतभेद उरलेले नाहीत. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी. एकूण लांबी ७०१ किलोमीटर, कारला वेगमर्यादा ताशी १२०. नियोजनकार पहिल्याला दुसऱ्याने भागतो आणि ‘सहा तासांच्या आत ठाणं’ असे गावभर सांगत सुटतो. या भागाकारात मुले धरलेली नसतात.

मुले धरली, तर रात्रीच निघावे असे सुचते: ती झोपतील, रस्ता मोकळा मिळेल, सकाळी डोळे उघडतील तो ठाणे. तक्त्याची दुसरी आवृत्ती अशी निघते. ती आजीपाशी अडते. ‘रात्रीची गाडी न्यायची नाही बाप्पा,’ एवढे बोलून ती किल्ली उचलते आणि पानाच्या डब्यात ठेवते. कारण ती सांगत नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच रस्त्यावर, सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. ती बातमी विदर्भातल्या घराघरात पाहिली गेली होती. तक्त्याची तिसरी आवृत्ती दिवसाची निघते आणि तीत मुलांच्या सीटबेल्टसाठी रकाना वाढवलेला असतो.

यानंतर डिक्की. बॅगा, मुलांची दुपटी, वाळूत खेळायच्या बादल्या यांची मापे घेऊन नियोजनकाराने चित्र काढलेले असते. त्या चित्रात तांदळाची चुंगडी नसते. भंडाऱ्याचे माणूस ठाण्या-पुण्याला रिकाम्या हाताने जात नाही, तांदूळ नेते. तोही थोडा नव्हे, चुंगडीभर. आणि नवा नव्हे, कारण नव्या तांदळाचा भात गचका होतो. मागच्या वर्षीचा, कडुलिंबाचा पाला घालून राखलेला, बारीक एचएमटी. हा वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडला. १९८३ च्या सुमारास पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या. नाव पडले ते तेव्हाच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचे. वाण राज्याबाहेर पसरला. दादाजींच्या वाट्याला सन्मान पुष्कळ आले, पैसा आला नाही. २०१८ मध्ये ते गेले. ठाण्यातल्या इमारतीखालच्या दुकानातही एचएमटी मिळतो, हे नियोजनकार आजीला दरवर्षी सांगतो. आजी ऐकते आणि चुंगडीचे तोंड शिवत राहते.

चुंगडी आजीच्या ठाण्यातल्या धाकट्या मुलासाठी असते. तो नोकरीला गेला तो तिकडचाच झाला. त्याच्या घरी जायला साकोलीहून साडेआठशे किलोमीटर पडतात. त्याला साकोलीला यायचे म्हटले की हेच अंतर फार वाढते. सिंगापूर त्याला जवळ पडते, तिथे तो जाऊन आला आहे. ‘फार लांब पडतं रे दादा,’ हे तो फोनवर इतक्या प्रेमाने म्हणतो की दादाला चिडायलाही जागा राहत नाही. दादा मग चिडचिड चुंगडीवर काढतो, गुडघा लावून ती डिक्कीत कोंबतो आणि दोन बॅगा मुलांच्या पायांशी येतात.

मुलांची तयारी म्हणजे मुख्यतः ओकारीची तयारी. आवळासुपारी, लिंबू, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि डॉक्टरांनी दिलेले औषध, जे निघण्याआधी अर्धा तास द्यायचे असते. निघण्याची वेळच नक्की नसल्याने हा अर्धा तास कुठून मोजावा, याचा उलगडा कुठल्याही तक्त्यात नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या दुपारसाठी असतात आणि लाखनीत संपतात. भंडाऱ्याशी कारध्याला वैनगंगेचा पूल लागतो. गोसेखुर्दच्या धरणामुळे पाणी इथपर्यंत तुंबलेले, पात्र भरून वाहणारे दिसते. ‘पप्पा, समुद्र आला?’ हा प्रश्न इथे येतो. आणखी आठशेहून अधिक किलोमीटर उरलेले असतात. ‘हो’ म्हणून परत फिरण्याचा मोह याच पुलावर सर्वांत जास्त होतो.

खर्चाचा रकाना शेवटी. राष्ट्रीय महामार्गांसाठी २०२५ मध्ये तीन हजारांचा वार्षिक फास्टॅग पास निघाला. तो नियोजनकाराने अभिमानाने काढलेला असतो. समृद्धी राज्याचा रस्ता असल्याने तिथे तो चालत नाही, हे टोलनाक्यावर कळते. मुलांची आई मागच्या सीटवरून ‘तक्त्यात नव्हतं का?’ एवढेच विचारते.

परतीच्या प्रवासाचे वेगळे नियोजन करण्याची प्रथा नाही. तक्त्याच्या तळाशी ‘वरीलप्रमाणे, उलट’ असे लिहितात. चुंगडीच्या जागी ओले कपडे बसतात.