सुलभ ग्राफिक्स कार्ड-प्राप्ती (नवशिक्यांसाठी)

ही मार्गदर्शिका अशा वाचकांसाठी आहे ज्यांनी आजवर एकही ग्राफिक्स कार्ड विकत घेतलेलं नाही. ज्यांनी घेतलं आहे त्यांचे हप्ते चालू असतील, त्यांनी कामावर जावं.

लागणारं साहित्य: एक कॅबिनेट, एक दणकट पॉवर सप्लाय, एक कमावते वडील किंवा स्वतःची नोकरी, आणि पैसे. किती पैसे ते इथे लिहिलेलं नाही, कारण हा मजकूर छापून तुमच्या हातात पडेपर्यंत आकडा बदललेला असेल.

पायरी पहिली : हे काय असतं ते समजून घ्या

फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. गेम सेकंदाला ६० चित्रं (फ्रेम्स) दाखवतो. म्हणजे दर सेकंदाला जवळपास ५० कोटी ठिपक्यांचा रंग ठरवायचा. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या गणिताच्या प्राध्यापकासारखा. त्याला अवघड गणित द्या, चोख सोडवेल, पण एका वेळी एक. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारो पोरांनी भरलेला प्राथमिक शाळेचा हॉल. प्रत्येकाला फक्त बेरीज-गुणाकार येतो, पण सगळे एकदम करतात.

हा गुण नीट लक्षात ठेवा. एकाच वेळी ढीगभर सोपी गणितं करणारं यंत्र गेमसाठी बनवलं गेलं, आणि पुढे जगात ज्याला ज्याला ढीगभर गणितं करायची होती तो प्रत्येक जण तुमच्या रांगेत तुमच्या पुढे येऊन उभा राहिला. बाकीची मार्गदर्शिका या एका वाक्याचाच विस्तार आहे. घाई असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

पायरी दुसरी : घरी विषय काढा

नोकरी असेल तर ही पायरी वगळा. लग्न झालेलं असेल तर वगळू नका.

प्रचलित पद्धत अशी:

"बाबा, अभ्यासाला ग्राफिक्स कार्ड लागतंय."

"कसला अभ्यास?"

"एआयचा."

"कितीला येतं?"

इथे आकडा सांगायचा आणि पंख्याकडे बघायचं.

अभ्यासाला लागतं हे वाक्य जगभर कोट्यवधी मुलांनी वापरलं आहे आणि ते जवळजवळ नेहमीच खोटं होतं. एक अपवाद नोंदवून ठेवा, घरी उपयोगी पडेल. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की या विद्यार्थ्याने चित्रं ओळखणारं एक न्यूरल नेटवर्क जीटीएक्स ५८० या दोन गेमिंग कार्डांवर शिकवून तयार केलं. अ‍ॅलेक्सनेट हे त्याचं नाव. एआयची आजची लाट तिथून उठली असं मानतात. म्हणजे अभ्यासासाठी घेतलेली गेमिंग कार्डं खरोखर अभ्यासाला लागली, आणि त्याचा परिणाम असा झाला की आता तुम्हाला गेमसाठीही कार्ड परवडत नाही. उदाहरणाचा हा दुसरा भाग बाबांना सांगू नये.

पायरी तिसरी : किंमत वाचायला शिका

ग्राफिक्स कार्डाला तीन किमती असतात. पहिली कंपनीने मंचावरून जाहीर केलेली, डॉलरमधली. ही ऐकून आनंद होतो, एवढाच तिचा उपयोग. दुसरी खोक्यावर चिकटवलेली एमआरपी. तिच्याकडे दुकानदारही बघत नाही. तिसरी दुकानदाराच्या तोंडातली. ती खरी.

पहिलीपासून तिसरीकडे जायचा रस्ता पाहू. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी लास वेगासच्या मंचावर, अंगात चकचकीत लेदर जॅकेट घालून, आरटीएक्स ५०७० ची किंमत ५४९ डॉलर सांगितली. तेव्हा डॉलर साधारण ८६ रुपयांना होता. गुणाकार केला तर सव्वासत्तेचाळीस हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की पंचावन्न हजार सातशेच्या आसपास. भारतातली अधिकृत किंमत होती ५९,०००. मधल्या सव्वातीन हजारांबद्दल विचारायचं नसतं. ही अधिकृत किंमत असल्यामुळे दुकानात ती मिळेलच असंही समजू नका.

त्याच भाषणात ह्वांग म्हणाले की ५०७० हे आरटीएक्स ४०९० इतकं चालेल. ४०९० म्हणजे १,५९९ डॉलरचं कार्ड. हे कसं शक्य आहे? नवं कार्ड एक फ्रेम खरी काढतं आणि पुढच्या तीनपर्यंत फ्रेम एआयकडून अंदाजाने भरून घेतं. चारातल्या तीन फ्रेम अंदाजाच्या. पैसे देताना मात्र चारांपैकी तीन नोटा अंदाजाने मोजलेल्या दुकानदाराला चालत नाहीत.

पायरी चौथी : थांबा

अनुभवी माणूस तुम्हाला सांगेल, "आत्ता नको घेऊस, दोन-तीन महिन्यांत उतरतील." हा सल्ला जुना आहे आणि त्याला परंपरा आहे. ती नवशिक्याला माहीत असावी.

२०१६ च्या जुलैमध्ये जीटीएक्स १०६० आलं, २४९ डॉलरला. चांगलं कार्ड होतं. पुढे कित्येक वर्षं स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या पाहणीत सगळ्यात जास्त संगणकांमध्ये तेच सापडायचं. ज्यांनी तेव्हा घेतलं ते सुखी झाले, ज्यांनी म्हटलं जरा उतरू दे, त्यांना २०१७ मध्ये इथिरियमचे मायनर भेटले. क्रिप्टो चलन 'खणायला' ढीगभर गणितं लागतात, आणि ढीगभर गणितं कोण करतं ते आपण पहिल्या पायरीत शिकलो. दुकानांतले साठे मायनरांच्या गोदामात गेले. २०१८ मध्ये क्रिप्टो पडलं, तेव्हा लोक म्हणाले, आता स्वस्त होणार. त्या सप्टेंबरात आरटीएक्स २०८० टीआय आलं. त्याच्या आधीचं १०८० टीआय ६९९ डॉलरचं होतं, हे ९९९ पासून, आणि कंपनीचं स्वतःचं मॉडेल ११९९ ला.

मग सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० पुन्हा ६९९ ला जाहीर झालं. भारतात ७१,००० रुपये. लोकांनी देवापुढे साखर ठेवली. पण जग कोरोनामुळे घरात कोंडलेलं, चिपचा तुटवडा, वर मायनर परत आलेले. जाहीर किमतीला कार्ड मिळालेला माणूस गल्लीत दाखवायला नेण्याजोगा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने गेमरचा कैवार घेतला आणि ३०६० कार्डात अशी सोय केली की त्यावर मायनिंग निम्म्या वेगाने चालावं. नंतर कंपनीच्याच एका ड्रायव्हर सॉफ्टवेअरने ते बंधन चुकून काढून टाकलं. कैवार म्हणतात तो असा.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथिरियमने आपली पद्धतच बदलली आणि त्या चलनासाठी कार्ड लागेनासं झालं. थांबणाऱ्यांचा हा सोन्याचा दिवस. तो पाच दिवस टिकला. २० सप्टेंबरला चाळीसची मालिका जाहीर झाली: ४०९० ची किंमत १,५९९ डॉलर, ४०८० ची १,१९९. तेव्हा पत्रकारांनी किमतींबद्दल विचारलं. चिपा दिवसेंदिवस स्वस्त होत जातात ही आता गेल्या काळातली गोष्ट, अशा अर्थाचं उत्तर ह्वांग यांनी दिलं. या सगळ्या इतिहासात कंपनीने केलेलं इतकं सरळ विधान मला दुसरं आठवत नाही, आणि तरी लोक थांबलेच.

आता एआय. इथे जरा बसून हिशेब करू, कारण मायनर आले आणि गेले, हे गिऱ्हाईक जाण्यातलं नाही. ४०९० मधली चिप सुमारे ६०८ चौरस मिलिमीटरची. डेटा सेंटरसाठीच्या एच-१०० मधली ८१४. दोन्ही तैवानच्या टीएसएमसीकडे जवळपास एकाच जातीच्या प्रक्रियेवर बनतात. पहिलीचं कार्ड सोळाशे डॉलरला जाहीर झालं होतं, दुसरीचं वीस-पंचवीस हजार डॉलर आणि त्याहून वर जायचं. एच-१०० वरची मेमरी वेगळी आणि महाग असते हे खरं, पण कारखान्यातली मर्यादित जागा कुणासाठी राखून ठेवावी हे कळायला एमबीए लागत नाही. जानेवारी २०२२ ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाला गेमिंगमधून साडेबारा अब्ज डॉलर मिळाले आणि डेटा सेंटरमधून साडेदहा. तीन वर्षांनी गेमिंग सव्वाअकरा अब्जांवर, आणि डेटा सेंटर ११५ अब्जांवर. गेमरच्या पैशावर उभी राहिलेली कंपनी आहे ही. १९९३ साली कॅलिफोर्नियातल्या डेनीज या साध्याशा हॉटेलात बसून तिघांनी तिचा बेत केला होता. तिच्यासाठी तुम्ही आता घरचे झालात, म्हणजे पंगतीत शेवटी वाढायचे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्वांग मुंबईत आले होते. वांद्रे-कुर्ला संकुलात मोठा कार्यक्रम झाला, मुकेश अंबानींशी मंचावर गप्पा झाल्या. विषय एआय. ग्राफिक्स कार्डांच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड तिथून टॅक्सीच्या अंतरावर आहे.

२०२५ च्या अखेरीस मेमरीचीही तीच गत झाली. डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. माल डेटा सेंटरकडे वळवायचा होता. ग्राफिक्स कार्डावर मेमरी असतेच. थांबणाऱ्यांनी याचीही नोंद घ्यावी आणि थांबावं.

पायरी पाचवी : नावावर जाऊ नका

शेवटचे आकडे '६०' म्हणजे मध्यमवर्गीयाचं कार्ड, असा समज आहे. तो कंपनीलाही माहीत आहे. २०२१ च्या ३०६० वर १२ जीबी मेमरी होती. २०२३ च्या ४०६० वर ८. २०२५ च्या ५०६० वरही ८. याउलट ८ जीबी मेमरी २०१६ च्या जीटीएक्स १०७० वरही होती. दोन्ही नवी कार्डं २९९ डॉलरला जाहीर झाली, त्यामुळे किंमत वाढली असा आरोप करता येत नाही. पाटी तीच, वाटीतलं वरण पातळ.

एकदा हे फारच उघड झालं. २०२२ मध्ये ४०८० या एकाच नावाने दोन वेगळ्या चिपांची कार्डं जाहीर झाली. ओरड झाल्यावर कंपनीने त्यातलं १२ जीबीचं, ८९९ डॉलरचं कार्ड बाजारात यायच्या आधीच मागे घेतलं. जानेवारीत ते ४०७० टीआय हे नाव घेऊन ७९९ ला परत आलं. बारसं बदललं की शंभर डॉलर कमी होतात हे यातून सिद्ध झालं, पण ही सवलत पुन्हा दिसलेली नाही.

एएमडी आणि इंटेल आहेत. इंटेलचं बी५८० हे १२ जीबीचं कार्ड २४९ डॉलरला जाहीर झालं होतं, आणि माझ्या मते नवशिक्याने आधी तिकडेच बघावं. पण तुम्ही बघणार नाही, कारण मित्राकडे आरटीएक्स आहे.

पायरी सहावी : दुकानात जा

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरा. पत्त्यात डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, बोलताना लॅमिंग्टन रोड म्हणा.

"५०७० आहे का?"

"कुठल्या कंपनीचं पाहिजे?"

"कुठलंही चालेल."

"मग आहे."

रेट विचाराल तर तो विचारेल, "बिलाने पाहिजे का बिगरबिल?" बिगरबिल स्वस्त पडतं. वर्षभरात पंखा घरघरू लागला की वॉरंटीसाठी बिल मागतात, तेव्हा ते महाग पडतं. बिल घ्या. ही या लेखातली एकमेव विनोद नसलेली सूचना आहे. टंचाईच्या काळात दुकानदार सुटं कार्ड देत नाही. सोबत पॉवर सप्लाय, मॉनिटर किंवा अख्खा पीसी घ्यावा लागतो. याला 'बंडल' म्हणतात. "विचार करून येतो" म्हणालात तर तो हसून "या" म्हणेल. कोटेशन आजच्यापुरतं असतं.

सातारा-नांदेडकडच्यांनी ऑनलाइन मागवावं आणि खोकं उघडताना मोबाईलवर सलग व्हिडिओ काढावा. लग्नाचा काढतात त्याहून जास्त काळजीने.

सेकंडहँड घेणार असाल तर विकणारा सांगतो, "फार वापरलेलं नाहीये, कधीतरी गेम खेळायचो." ज्याच्याकडे एकाच मॉडेलची सहा कार्डं विकायला आहेत, त्याला घरात सहा गेमर मुलं आहेत यावर विश्वास ठेवू नका.

पायरी सातवी : बसवा

कॅबिनेटची लांबी आधी मोजा. नवी कार्डं तीन-तीन पंख्यांची असतात आणि दोन वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटच्या हार्ड डिस्कच्या जागेवर जाऊन आपटतात. पॉवर सप्लाय तपासा: १०६० ला १२० वॅट पुरायचे, ५०९० ला ५७५ लागतात. (५०९० भारतात २,१४,००० ला जाहीर झालं. तुम्ही नवशिके आहात, पुढे चला.) वीजजोड टोकापर्यंत दाबून बसवा, ४०९० चे काही जोड वितळले तेव्हा ते पूर्ण बसवलेले नव्हते, असं कारण देण्यात आलं होतं. वितळला तर चूक बोटांची निघते.

पीसी चालू करा. व्हॅलोरंट हा गेम उघडा, जो जुन्या लॅपटॉपवर कार्डाशिवायही चालत होता. फ्रेम्स मोजा आणि मित्राला स्क्रीनशॉट पाठवा.

राहिलं खोकं. ते टाकू नका. दिवाळीच्या साफसफाईत आई ते रद्दीवाल्याला द्यायला काढेल, म्हणून त्यावर मार्करने ठळक 'वॉरंटी' लिहून माळ्यावर ठेवा. खोक्यासकट कार्ड विकलं तर चार पैसे जास्त येतात; २०२१ मध्ये वापरलेली कार्डंसुद्धा जाहीर किमतीच्या वर गेली होती. बिल आणि सीरियल नंबर यांचा फोटो मात्र मोबाईलमध्ये काढून ठेवा. माळ्यावर उंदीर असतात.