सड्याला तार घालणाऱ्या मालकांस खुले पत्र

सड्याचे नवे मालक यांस,



तुमचं नाव या पत्रात घालत नाही. वाडीत ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि बाहेरच्यांना ते कळून उपयोग नाही. तुमच्यासारखे मालक आता कोकणात गावोगाव झाले आहेत.

तुम्ही हा कातळाचा सडा विकत घेतलात, गोठा बांधलात, गीर गाई आणल्यात. हे चांगलंच झालं. आमच्याकडची गुरं कमी होत चालली आहेत आणि सड्यावरचं गवत दर उन्हाळ्यात वणव्यात जातं. ते गाईच्या पोटात गेलं तर आम्हाला आनंदच आहे. पण मग तुम्ही पाच पदरी काटेरी तार ओढलीत, वरच्या वाडीतून खालच्या वाडीत उतरणारी पायवाट मधोमध तोडलीत, आणि विचारायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना गोठ्याच्या ओट्यावरून ऐकवलंत, "एक तर माझी गुरं राहतील, नाहीतर तुमची माणसं चालतील. दोन्ही जमणार नाही."

जमतं, साहेब. तुम्हाला जमत नाही, एवढंच.

गाय आणि माणूस यांच्या अंगकाठीत फरक आहे, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. गाईचं धड लांब आणि ताठ. आखूड कोपऱ्यात तिला वळता येत नाही. अरुंद दगडावर एक पाय रोवून अंग वर ओढणं आणि तोल सांभाळत पलीकडे उतरणं तिला झेपत नाही. तिच्या पोटाचा घेर नेमका माणसाच्या गुडघ्या-मांडीच्या उंचीवर येतो, आणि माणूस तिथेच सगळ्यात निमुळता असतो. एवढ्या फरकावर गाय आत राहते आणि माणूस पार होतो. ज्यांनी कधी शाळा पाहिली नाही त्यांनी हे ओळखलं आणि त्यावर कुंपणं बांधली. तुम्ही गाडीतून गवंडी आणलात, मोजणीवाला आणलात, सोलरवाला आणलात; शेजारच्या म्हाताऱ्याला मात्र एक शब्द विचारला नाहीत.

विचारलं असतंत तर त्याने तुम्हाला हात धरून जुन्या गडग्यापाशी नेलं असतं. तो गडगा अजून उभा आहे, तुमच्याच हद्दीच्या खालच्या अंगाला. गडगा रचताना वाट येईल तिथे दोन्ही बाजूंना लांबट चिरे भिंतीबाहेर काढून ठेवले आहेत, एकाच्या वर एक, तिरके चढत जाणारे. पावलं पडून पडून त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्यात आणि मधे किंचित खळगा पडलाय. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई तिथून हात न टेकता चढते आणि उतरते. गाय खाली उभी राहून रवंथ करते. जिथे रुंद वाट हवी तिथे बेडं: दोन खांब, त्यांना भोकं, भोकांतून सरकवलेले आडवे बांबू. काढायला एक मिनिट, घालायला एक मिनिट.

इंग्लंडमध्ये यॉर्कशर आणि डर्बीशरच्या कुरणांतल्या दगडी गडग्यांनाही असेच बाहेर काढलेले दगड आहेत. कुठे कुठे दोन उभ्या शिळांमधे फट ठेवलेली असते, खाली अरुंद आणि वर रुंद. माणसाचे पाय त्यातून जातात, गाईचं पोट जात नाही. तिथे वाट सार्वजनिक असली की तिच्यावरच्या पायऱ्या आणि फाटकं धडधाकट ठेवण्याची जबाबदारी १९८०च्या हायवेज ॲक्टने जमीनमालकावर टाकली आहे. गाईही तिथेच चरतात, माणसंही तिथूनच चालतात. अशा फटी-फाटकांसाठीच्या तिथल्या मानकात पसंतीचा क्रमही ठरलेला आहे: आधी मोकळी फट, ती चालत नसेल तर फाटक, तेही चालत नसेल तरच चढायच्या पायऱ्या. कारण उघड आहे. म्हातारा माणूस, पोटुशी बाई, कडेवर पोर असलेली आई यांना चढायला लावू नये.

म्हणून तुमच्या कुंपणालाही मी पायऱ्यांच्या आधी नागमोडी फट सुचवतो. शहरातल्या बागेच्या तोंडाशी मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून लोखंडी नळ्यांची अशी आडवळणी वाट केलेली तुम्ही रोज पाहत आला असाल. माणूस दोनदा अंग वळवतो आणि आत जातो. गीर गाय तिच्या शिंगांसकट तिथे वळूच शकत नाही. गाडीच्या वाटेवर खड्डा करून वर नळ्या टाकल्या की गुरं त्यावर पाय टाकत नाहीत. गोव्यात कितीतरी चर्चच्या दारात असे खड्डे आहेत. तुमची गाडी सुखाने जाईल, उतरून फाटक उघडायचेही कष्ट नकोत.

तुम्ही म्हणाल, लोक फाटक उघडं टाकून जातात. खरं आहे. कातळशिल्पं पाहायला आलेल्या मंडळींनी एका रविवारी तुमचं फाटक सताड उघडं ठेवलं आणि तुमच्या गाई खालच्या भातात उतरल्या. भात ज्याचं गेलं त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तुमचा रागही रास्त होता. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सड्यांवरची ही चित्रं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्यापासून येणाऱ्यांची गर्दी वाढली आहे, आणि येणाऱ्याने फाटक जसं सापडलं तसं ठेवून जावं, गाय-वासराच्या मधे शिरू नये, वेफर्सची पाकिटं गाईच्या पोटात जायला टाकू नयेत, हे त्यांना कुणीतरी ठणकावून सांगायलाच हवं. आम्ही सांगतो. पण फटीला दारच नसतं. जे दार नाही ते उघडं कसं राहील? माणसाच्या शिस्तीवर ज्याचा भरवसा नाही, त्याने तर फटच ठेवायला हवी. तुम्ही ठेवलीत काटेरी तार, आणि तिच्यावर वीज सोडलीत.

विजेचं जरा सविस्तर बोलतो, कारण इथे जिवाशी खेळ आहे. झटका मशीनला माझा विरोध नाही. चांगलं मशीन सेकंदाला फार तर एक ठोका देतं. तो सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी टिकतो आणि त्याची ताकद ठरवून मर्यादेत ठेवलेली असते. गाय एकदा नाक लावते, दचकते आणि पुन्हा जवळ जात नाही. घरातली वीज थेट तारेला जोडणं वेगळं. त्याने माणसं मरतात, दर पावसाळ्यात तशा बातम्या आपण वाचतो. तुम्ही मशीन बसवलंत, थेट वीज जोडली नाहीत, हे मान्य. पण ते मशीन तुम्ही काटेरी तारेला जोडलंत! या यंत्रांसाठी आयईसी ६०३३५-२-७६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की काटेरी तारेत झटका सोडू नये. साध्या तारेला हात लागला तर माणूस मागे होतो. काट्यात लुगडं अडकलं, केस अडकले, तर तो तिथेच राहतो आणि ठोक्यामागून ठोके खातो. त्याच मानकात पुढे हेही आहे की असं कुंपण सार्वजनिक पायवाट ओलांडत असेल तर त्या जागी वीज नसलेलं फाटक किंवा चढून जायच्या पायऱ्या द्यायच्या आणि शेजारच्या तारांवर इशाऱ्याच्या पाट्या लावायच्या. म्हणजे तुम्ही जे यंत्र विकत घेतलंत, त्याच्या नियमांतच आमची वाट आहे. तुमच्या कुंपणावर पाटी एकच, "प्रवेश निषिद्ध". झटक्याची पाटी मी शोधली, ती नाही.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलंत त्या गाईंचं काय? तुमची तांबडी गाय तारेपलीकडच्या हिरव्या कोंभाला मान घालत होती, काहीतरी वाजलं, ती बिचकून उसळली आणि कासेवर काटा ओढला गेला. वीतभर चर. गडी हळद लावत होता आणि ती पाय झाडत होती. दूध काढायला तिने किती दिवस जवळ येऊ दिलं नाही, ते त्या गड्याला विचारा. दुभत्या जनावराला काटेरी तार घालू नये, हे तुमच्या गोठ्यातल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. तुम्हाला सांगायची त्यांची छाती होत नाही.

"एखाद्याला गाईने मारलं तर भरपाई मी देऊ काय?" हाही तुमचा प्रश्न मला कळला. प्रश्न खरा आहे. ऑस्ट्रियात टिरोलच्या डोंगरात २०१४ साली कुत्रा घेऊन चालणाऱ्या एका बाईला वासरांच्या आयांनी तुडवून मारलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२०मध्ये दोष अर्धा गाईवाल्याचा, अर्धा त्या बाईचा ठरला. गाईवाल्याचा दोष काय, तर वर्दळीच्या जागी वाट आणि कळप यांच्यामधे त्याने कुंपण घातलं नव्हतं. वाट का बंद केली नाहीस, असं त्याला कुणी विचारलं नाही. इंग्लंडमध्ये दहा महिन्यांवरचा दुभत्या जातीचा वळू पायवाट असलेल्या कुरणात सोडायला १९८१च्या कायद्याने बंदी आहे. तुमचा वळू मारका आहे ना? त्याला वरच्या तुकड्यात बांधा, तिथून कुणी जात नाही.

आता या वाटेने कोण जातं ते ऐका. सकाळी शाळेची पोरं. आता ती डांबरी रस्त्याने वळसा घालतात, चिऱ्याच्या ट्रकांच्या कडेकडेने. एसटीला जाणारी माणसं, शेण-गवत नेणाऱ्या बाया. शिमग्यात पालखी याच वाटेने खाली उतरते. यंदा ती तुमच्या तारेपाशी थांबली. ढोल थांबले, खांदेकरी एकमेकांकडे बघत राहिले आणि पालखी मागे वळली. आणि वरच्या वाडीतलं कुणी गेलं तर तिरडीही याच वाटेने उतरते. पालखी आणि तिरडी फटीतून वळत नाहीत, म्हणून फटीशेजारी बेडंही हवं.

कायदा तुम्ही वकिलाकडून विचारून घ्या, पण जमीन विकणाऱ्या दलालाकडून नको. गावनकाशावर पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवतात. तुमच्या गटातून ती रेषा जाते, नक्कल आमच्याकडे आहे. रेषा नसती तरी वीस वर्षं उघड, बिनतक्रार, हक्काने वापरलेल्या वाटेला १८८२चा सुखाधिकार कायदा ओळखतो, आणि ही वाट माझ्या आज्याच्या आधीची आहे. शेताकडे, चराईकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार १९०६च्या मामलतदार न्यायालय कायद्याने तहसीलदाराला दिला आहे. अट एवढीच की अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. तुम्ही तार शिमग्याच्या आधी ओढलीत. तारखा आम्हीही मोजतोय.

अर्ज लिहून तयार आहे, सह्याही झाल्यात. पण शेजाऱ्याला तहसील कचेरीत ओढण्यात आम्हाला गोडी नाही, म्हणून आधी हे पत्र. येत्या रविवारी सकाळी वाडीतली माणसं किंजळीच्या झाडापाशी येतील, जिथे तार वाटेला आडवी जाते. नळ्या जोडायला वेल्डर खालच्या वाडीतला आहे, बेड्याचे बांबू आमच्या बेटातले, खांबांचे चिरे आमचे, मजुरी कुणी मागणार नाही. तुम्ही आदल्या रात्री मशीन बंद करा, तेवढ्या पट्ट्यातली काटेरी तार सोडवून ठेवा आणि गाई वरच्या तुकड्यात हलवा. वळू आधी.

कळावे,
वरच्या वाडीतला एक रहिवासी