शेषराव आत आहेत

साप पाळायची हौस असेल तर मराठी माणसाने आधी देश सोडावा. मायदेशी 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. परसातली धामण हौसेने घरात ठेवली तरी वनखात्याचे लोक दारात उभे. इंग्लंडात नाग, घोणस असल्या विषारी मंडळींना ठेवून घ्यायचं तर 1976 च्या कायद्याखाली परवाना काढावा लागतो. साध्या बिनविषारी सापाला मुलीचा हट्ट पुरतो.

आमच्या लेस्टरच्या घरात हा हट्ट बरेच दिवस चालला आणि शेवटी कॉर्न स्नेकवर तडजोड झाली. मूळचा आग्नेय अमेरिकेतला, केशरी अंगावर तांबडे ठिपके, स्वभावाने गरीब. वाढून चारेक फूट होतो आणि नीट ठेवला तर 15 ते 20 वर्षं जगतो. म्हणजे मुलगी शिकेल, नोकरीला लागेल, दुसऱ्या गावी संसार थाटेल आणि साप आमच्या पदरात राहील. त्याचं नाव शेषराव ठेवलं. नाव इतकं भारदस्त निघालं की त्यांना अरे-तुरे करायची कुणाची छाती होईना.

आईला फोनवर बातमी दिली. आई बत्तीस शिराळ्याची. न्यायालयाने बंद करेपर्यंत तिथे नागपंचमीला जिवंत नागांची मिरवणूक निघायची, त्यामुळे तिला सापाचं भय नाही, फक्त मतं आहेत. म्हणाली, "आमच्याकडं मडक्यात ठेवायची जनावरं. तोंडाला फडकं बांधलं की झालं. ह्याला कपाट कशाला रं?"

कपाट म्हणजे व्हिव्हेरियम. चार फूट लांब, कारण सापाला सरळ ताणून पडता आलं पाहिजे. तीन बाजूंनी लाकूड, पुढे काचेची सरकती दारं. सुटे भाग घरी आणून जोडायचे होते. ते जोडले, पाणी मुरून लाकूड फुगू नये म्हणून आतले सांधे सिलिकॉनने भरले आणि काचेला कुलूप लावलं. कॉर्न स्नेकचं डोकं जिथून जातं तिथून बाकीचा सापही जातो, त्यामुळे मागच्या भोकातून वायर आत घेतल्यावर उरलेली फटसुद्धा बुजवली. आमच्या मागच्या दाराची कडी अनेक महिने सैल आहे. तिच्याकडे बघायला मात्र अजून कुणाला सवड झालेली नाही.

जाणकार सगळे एकच सांगतात: आधी घर, मग साप. घर चालू करायचं, काही दिवस तापमान स्थिर राहतंय ना ते बघायचं आणि मगच मालकांना आणायचं. त्या दिवसांत शेजारचे पटेलकाका डोकावले.

"आत काय आहे?"

"अजून काही नाही."

"मग हीटर कशाला?"

"सवय व्हावी म्हणून."

"कुणाला?"

मी चहा टाकायला गेलो.

सापाला आपल्यासारखी अंगातून ऊब तयार करता येत नाही. गरम व्हायचं तर गरम जागी जावं लागतं, निवायचं तर थंड जागी. म्हणून कपाटाचं एक टोक 28 ते 30 अंशांवर ठेवायचं आणि दुसरं 22 ते 24 वर. बायको नागपूरची. तिने गरम टोकाला माहेरचं नाव दिलं, तेव्हा थंड टोक आपोआप महाबळेश्वर झालं. दोन्हीकडे लपायला एकेक अंधारी खोपी हवीच. एकीकडेच ठेवली तर साप भीतीपोटी तिथेच दडी मारून बसतो. ती नेमकी थंड टोकाला असली तर उबेअभावी खाल्लेलं धड पचत नाही. जीव वाचवायचा की पोट सांभाळायचं हा पेच त्याच्यापुढे येऊ द्यायचा नाही. माझ्यापुढे तो दर सोमवारी ऑफिसात येतो आणि तिथे खोपी एकही नाही.

हीटरला जाळी लागते, कारण साप थेट त्यालाच वेटोळं घालतो आणि भाजतंय हे त्याला वेळेवर उमगेल याचा भरवसा नसतो. शिवाय थर्मोस्टॅट, आणि दोन्ही टोकांना एकेक थर्मामीटर. गॅसच्या बिलाच्या धाकाने आमच्या घराचं हीटिंग 18 अंशांवर असतं. म्हणजे शेषरावांचं महाबळेश्वर आमच्या दिवाणखान्यापेक्षा किमान चार अंशांनी गरम! स्वेटर आणि कानटोपी घालून, बोटांवर फुंकर मारत, मी त्यांच्या नागपूरचा उकाडा दशांशात मोजत होतो.

तळाला ॲस्पेन लाकडाचा भुसा, चांगला जाड थर. देवदाराचा चालत नाही. त्याच्या उग्र वासाने सापाला त्रास होतो. अंग बुडवता येईल एवढं पाण्याचं भांडं. आईने दूध-लाह्या सुचवल्या होत्या, पण साप दूध पीत नाही हे ऐकून ती म्हणाली, "मग इतकी वर्षं प्यायलं कोण?"

खरा वाद फ्रीझरवरून पेटला. शेषरावांचा आहार म्हणजे गोठवलेले उंदीर. ते आधी फ्रीजमध्ये सैल करायचे, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचे आणि चिमट्याने पुढे धरायचे. बायकोने मायक्रोवेव्हला हात लावायची बंदी घातली. मायक्रोवेव्हमध्ये उंदीर फुटू शकतो, त्यामुळे शास्त्रही तिच्याच बाजूने निघालं. पण मोदकांचं सारण आणि गणपतीचं वाहन एका खणात? मुलगी म्हणाली, "शंकराच्या घरी उंदीर आणि साप एकत्रच राहतात." बायको म्हणाली, "पार्वतीला फ्रीझर आवरावा लागत नव्हता." शेवटी सारण वर गेलं, वाहन खाली, आणि डब्यावर लाल पेनाने 'फराळ नव्हे' अशी चिठ्ठी लागली.

शेषराव आले, कपाटात शिरले आणि दिसेनासे झाले. नव्या सापाला पहिला आठवडा हात लावायचा नसतो, जेवण झालं की पुढचे दोन दिवस नाही, आणि कात टाकायच्या आधी डोळ्यांवर निळसर साय आली की तेव्हाही नाही. दिवसा ते झोपतात, संध्याकाळनंतर फिरतात. दिवाळीच्या फराळाला आलेली मंडळी चकलीची बशी घेऊन काचेसमोर रांगेत उभी राहिली. आत भुसा, पाणी आणि दोन खोपी. "नक्की आहे ना आत?" मुलगी सांगे, "नागपूरला आहेत." मग कुणीतरी बोट दाखवलं. भुशातून केशरी नाकाचं टोक तेवढं वर आलेलं, त्यातून काळसर जीभ दोनदा लवलवली आणि नाक पुन्हा खाली. एवढ्या दर्शनावर मंडळी खूश होऊन घरी गेली.

माझा हिशेब मात्र जुळेना. एवढी काच, एवढी वीज, एवढा भुसा, आणि पाळीव प्राणी दिसत नाही ही तक्रार नसून कौतुकाची बाब! लपायला जागा असली की तो निर्धास्त असतो, निर्धास्त असला की जेवतो आणि कात एकसंध टाकतो. व्यवस्था चोख झाल्याचा पुरावा म्हणजे आपली त्याला गरज न लागणं. आईबापांनाही हेच प्रमाणपत्र मिळतं, फक्त त्याला वेळ लागतो.

डिसेंबरात आई आली. शाल, मोजे, वर माझा कोट असा जामानिमा करून तिने खुर्ची ओढली ती थेट नागपूरच्या काचेपाशी. मुलीने तिला 2006 चा इथला प्राणीकल्याण कायदा समजावून सांगितला. पाळलेल्या जिवाच्या पाच गरजा भागवणं बंधनकारक: योग्य जागा, योग्य आहार, स्वभावाप्रमाणे वागायची मुभा, गरजेप्रमाणे सोबत किंवा एकांत, आणि दुखण्याखुपण्यापासून संरक्षण.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्यातलं मला काय काय मिळतंय ते बघू." त्या संध्याकाळी घराचं हीटिंग 22 वर गेलं.

मी मुलीला विचारलं, "हा कायदा नवऱ्यांना लागू आहे का गं?"

"नाही. पाठीचा कणा असलेला कुठलाही प्राणी, पण माणूस वगळून. पहिल्याच कलमात आहे."

बायको फ्रीझर आवरत होती. मान न वळवता म्हणाली, "माणूस वगळला नसता तरी तुला लागू झाला नसता. अट कण्याची आहे."