पाताळगंगेहून पैनगंगेत

किनवटला पैनगंगेच्या काठी धुणं बडवण्याचा आवाज दोनदा येतो, एकदा दगडावरून आणि एकदा पलीकडच्या सागाच्या रानातून. त्या आवाजाखालून पांढरा फेस निघतो आणि प्रवाहाला लागतो. आजी त्या फेसावरूनच धुण्याच्या पावडरीच्या पुडीची पारख करायची. तिच्या लहानपणी रिठा होता, हिंगणबेटाचा गर होता. त्यांनाही फेस येई, पण तो बेताचा. 'ह्या पुडीला फेस लई,' असं कुरकुरत ती चिमूटभर जास्तच टाकायची.

पुडीतले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या गॅस क्रोमॅटोग्राफला फेसाचं काडीचं कौतुक नाही. त्याच्या भट्टीत बारीकशी, तीसेक मीटर लांब नळी वेटोळं घालून बसलेली असते. हेलियमच्या झुळकीबरोबर जो वाफ होऊन उडेल, त्यालाच तिच्यातून वाट. पावडरीतला मुख्य कष्टकरी, लिनिअर अल्किलबेन्झिन सल्फोनेट, मात्र उडायचं नाव घेत नाही. गंधकाच्या ज्या टोकानं तो पाण्याला बिलगतो, तेच त्याला खाली ओढून धरतं. फार तापवलं तर वाफ व्हायच्या आधी मोडतो. मग फॉस्फोरिक आम्लात तापवून ते टोकच काढून टाकायचं. म्हणजे धुणाऱ्याचं धुणं हिरावून घ्यायचं आणि मग विचारायचं, तू कोण रे बाबा?

आता मात्र तो घडाघडा बोलतो. एकटा समजलेला गडी वीस भाऊबंदांचं खटलं निघतो. दहा ते तेरा कार्बनांच्या शेपट्या, आणि बेन्झिनचं कडं प्रत्येकाच्या वेगळ्या जागी. सारख्या लांबीच्या भावंडांत ज्याचं कडं टोकाच्या सगळ्यात जवळ, तो नळीतून शेवटी बाहेर पडतो. लग्नघरातून निघताना चप्पल घालूनही उंबऱ्यावर तासभर बोलत राहणाऱ्या मावशीसारखा.

या शेपट्या येतात रॉकेलमधून. कंदील पुसताना ज्या रॉकेलच्या वासानं आजी करवादायची, त्याच्याच नातलगांनी पुढे तिची लुगडी धुतली! शेपटी आणि कडं मिळून होणारं हे अल्किलबेन्झिन रायगड जिल्ह्यात पाताळगंगेच्या कारखान्यातही बनत आलंय. पाताळगंगेला जन्मायचं आणि पैनगंगेत विरायचं. विरतं, हेही नशीबच. 1950च्या दशकात शेपटीला फाटे फुटलेले रेणू वापरत. ते जिवाणूंना धड पचेनात, आणि युरोप-अमेरिकेतल्या नद्या फेसाचे ढीग वाहू लागल्या. 1960च्या दशकात शेपटी सरळ केली, तेव्हा कुठे जिवाणू पंगतीला बसले.

तेव्हा पुडी ओतताना हात जरा आखडता घ्या. मळ किती निघाला ते फेसावरून ठरत नाही, आणि जास्तीचं सगळं नदीलाच पचवावं लागतं.